राजांचे थोरपण कोणत्या मापाने मोजावे?

इतिहासावरील व्याख्यान संपले की श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो, हा अनुभव व्याख्यानमालांत बोलणाऱ्या बहुतेकांस आहे. ‘आपल्या राजांत सर्वांत थोर कोण?’ असा तो प्रश्न असतो. विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा अगोदरच ठरलेले असते. वक्त्याने ते उच्चारले की टाळ्या पडतात, आणि प्रश्न होता तेथेच राहतो. उत्तर चुकते असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार एवढीच की ते कोणत्या मापाने काढले हे कोणी सांगत नाही. दुकानदार वजन सांगतो तेव्हा आपण तराजूकडे पाहतो, मग राजांच्या बाबतीत तराजूकडे पाहण्याचा संकोच का करावा? तो तराजू आज आपण उघड्यावर मांडून पाहू.

हा विषय वसंत व्याख्यानमालेस परका नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनीच पुढे १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. त्यांच्यापुढे ग्रँट डफ याचा ग्रंथ होता. १८२६ साली निघालेला हा मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास. ग्रँट डफ सातारच्या दरबारी रेसिडेंट होता आणि जातीने स्कॉट होता. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतल्या वाळलेल्या गवताला लागलेला वणवा, अशा अर्थाची उपमा त्याने दिली. वणवा कोणी लावत नाही, तो लागतो, आणि विझला म्हणजे मागे राख उरते. रानड्यांनी या उपमेलाच हरकत घेतली. त्यांच्याही आधी, १८६७ साली, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने ग्रँट डफच्या बखरीवर टीका वाचून आपल्याकडील इतिहाससंशोधनाची वाट मोकळी केली होती. वणवा की लागवड, असा तो वाद होता असे म्हणता येईल. राजाच्या थोरपणाचा विचारही याच दोन शब्दांभोवती फिरतो.

ग्रँट डफच्या स्वतःच्या देशातही हा प्रश्न विचारला जातोच. डोंगराळ, गरीब, आणि शेजारी बलाढ्य राज्य असलेल्या स्कॉटलंडची स्थिती आपल्या मावळाहून फार निराळी नव्हती. तेथील रॉबर्ट ब्रूस १३०६ साली राजा झाला, तोच मुळी चर्चमध्ये प्रतिस्पर्ध्याचा खून पडल्यानंतर. पुढे तो परागंदा झाला, परत आला, आणि १३१४ साली बॅनकबर्नच्या रणांगणावर त्याने इंग्रजांचा पराभव केला. १३२० साली तेथील सरदारांनी पोपला पत्र लिहून कळविले की, हाच राजा उद्या आमचे राज्य इंग्रजांच्या हाती देऊ लागला तर त्यालाही आम्ही काढून दुसरा राजा करू. त्याच देशाचा चौथा जेम्स पाहा. विद्येचा भोक्ता, लोकांचा आवडता, आरमार उभारणारा. परंतु १५१३ साली टाळता आली असती अशा लढाईत तो फ्लॉडनच्या मैदानावर पडला. त्याच्याबरोबर सरदारांची एक पिढी पडली, आणि गादीवर दीड वर्षाचेही नसलेले मूल आले. स्कॉट लोक ब्रूसला थोर म्हणतात आणि जेम्सविषयी हळहळतात. गुणांच्या यादीत कदाचित जेम्सच वरचढ ठरेल, पण राज्य पदरात घेऊन एक काय करून गेला आणि दुसरा काय करून गेला, हे पाहिले म्हणजे निवाडा फिरतो. आता घरी येऊ.

आपण वाकोल्यात बसलो आहोत, म्हणजे साष्टी बेटावर बसलो आहोत. या बेटाने राजे थोडे पाहिले नाहीत. उत्तर कोकणचे शिलाहार येथे होते. देवगिरीच्या महादेव यादवाने तेराव्या शतकात शेवटचा शिलाहार सोमेश्वर याचा समुद्रावर पराभव केला, आणि सोमेश्वराने शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा समुद्रात बुडणे पत्करले असे यादवांचा पंडित हेमाद्री वर्णन करतो. बोरिवलीजवळच्या एक्सर गावी जे वीरगळ आहेत त्यांवर लढणाऱ्या गलबतांच्या रांगा कोरलेल्या आहेत. काही इतिहासकारांच्या मते ते याच युद्धाचे आहेत, काहींच्या मते त्याहून जुन्या युद्धाचे. ते कोणत्याही युद्धाचे असोत, त्या दगडांवर वल्ही मारणारी माणसे दिसतात, पडणारी माणसे दिसतात, आणि त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पंडिताच्या प्रशस्तीत राजाचा प्रताप आहे, एक्सरच्या दगडावर त्या प्रतापाची किंमत आहे. दोन्ही साधने इतिहासाचीच होत. ज्याने पहिलेच वाचले त्याने अर्धाच हिशेब वाचला.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. राज्याचा विस्तार हे थोरपणाचे सर्वांत सोपे माप आहे आणि सर्वांत फसवेही. नकाशावरचा रंग किती पसरला हे मोजता येते, म्हणून आपण ते मोजतो. जिंकलेल्या मुलखातल्या माणसाला काय मिळाले हे मोजणे अवघड, म्हणून ते सोडून देतो. दुसरे फसवे माप स्तुतीचे. प्रशस्ती लिहिणारा राजाच्या अन्नावर असतो. तिसरे माप प्रेमाचे. लोकांचे प्रेम खरे असते, परंतु ते निवाडा नव्हे. आईचे मुलावर प्रेम असते म्हणून शाळेत त्याला आईने गुण द्यावेत असे कोणी म्हणत नाही.

मग खरे माप कोणते? एक जुनी कथा आमच्या कामी येईल. देवगिरीचे रामदेवराव यादव १२७१ साली गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत मराठी भाषेला जे दिवस आले ते पुन्हा क्वचितच आले. म्हाइंभटाचे लीळाचरित्र याच काळातले. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस या राजाचा न्यायी म्हणून उल्लेख आहे. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात विठ्ठलाच्या देवळाला देणगी देणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. ज्याच्या राज्यात ज्ञानेश्वरी लिहिली गेली तो राजा धन्य, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी काही हजार स्वारांनिशी विंध्य ओलांडून देवगिरीच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला, तोपर्यंत राजाला पत्ता नव्हता. मुख्य फौज युवराजाबरोबर दूर गेलेली. राजा किल्ल्यात शिरला. देवगिरीसारखा किल्ला महिनोन्महिने झुंजू शकला असता, पण आत नेलेल्या गोण्या उघडल्या तेव्हा त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता सांगतो. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, तिचे मर्म खरे आहे. पुढे मलिक काफूर आला, राजा दिल्लीला नेला गेला, मांडलिक होऊन परतला, आणि त्याच्यामागे काही वर्षांतच ते राज्य नाहीसे झाले.

रामदेवरावांना आम्ही वाईट राजा म्हणणार नाही. त्यांच्या छायेत जे उगवले ते राज्य बुडाल्यानंतरही सातशे वर्षे टिकले आहे. परंतु ती छाया होती, ती लागवड त्यांची नव्हती. राजाचे स्वतःचे असे जे काम असते, म्हणजे सीमेवर डोळा, कोठारात धान्य, माणसांवर वचक, त्यात ते उणे पडले. त्यांच्या उणेपणाची किंमत दरबाऱ्यांपेक्षा शेतकऱ्याने अधिक दिली. सबब आमचा पहिला प्रश्न असा: संकट येण्यापूर्वी राजाच्या कोठारात काय होते?

हाच प्रश्न घेऊन शिवछत्रपतींकडे वळू. त्यांच्याविषयी बोलताना प्रतापगड, पन्हाळा, आग्रा हे प्रसंग आठवतात, आणि ते आठवावेत असेच आहेत. परंतु आम्हांस त्यांच्या थोरपणाची खूण एका साध्या पत्रात अधिक दिसते. चिपळूणजवळ लष्कराची पावसाळी छावणी होती. तेथील जुमलेदारांस महाराजांनी एक पत्र पाठविले. त्यात लढाईची गोष्ट नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवायची आहे, ती आत्ताच बेहिशेब उधळाल तर पुढे मिळणार नाही, मग घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारिलीत असे होईल. मग शिपाई कुणब्याच्या घरी जाऊन कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकडे, कोणी भाजी. कुणबी देशोधडीला लागतील आणि म्हणतील की तुमच्यापेक्षा मोगल बरे. रात्री जळता दिवा तसाच ठेवून निजू नका, उंदीर वात नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. असा त्याचा आशय आहे.

हे पत्र आपण नेहमी रयतेवरील दयेचा दाखला म्हणून वाचतो. ती दया त्यात आहेच. पण त्याहून खोल गोष्ट अशी की, या पत्रात एकामागून एक येणाऱ्या कारणांची साखळी आहे. उधळपट्टीपासून उपासमार, उपासमारीपासून लूट, लुटीपासून रयतेचा शाप, आणि त्या शापापासून राज्याचा नाश. राज्याचा नाश शत्रूच्या तोफेपासून सुरू होत नसून तो आपल्याच पागेतल्या वैरणीच्या हिशेबापासून सुरू होतो, हे ज्याला दिसले त्याला देवगिरीच्या मिठाच्या गोण्यांचा धडा कोणी शिकवावा लागला नाही. १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रातही हीच दृष्टी आहे. गावोगाव फीर, कुणब्यांस गोळा कर, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैका दे, ज्याला बी नाही त्याला बी दे, आणि दिलेले वाढीदिढीने न घेता मुद्दलच हळूहळू वसूल कर. येथे ग्रँट डफच्या वणव्याला उत्तर मिळते. वणव्याला बी-बियाणे लागत नाही.

महाराजांनी हे केवळ मनाच्या चांगुलपणावर ठेवले नाही, त्याला रीत घालून दिली. शिपायाला आणि सरदाराला शक्यतो रोख वेतन, वंशपरंपरेने मुलूख तोडून न देणे, जमिनीची मोजणी, किल्ल्यावर एकाच्या हाती सर्व सत्ता न ठेवता हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांत ती वाटणे. या रीतीतही सर्वच नवे होते असे नाही. निजामशाहीचा गाडा हाकणारा मलिक अंबर याने जमीनमहसुलाची व्यवस्था दख्खनमध्ये पूर्वीच बसविली होती. हा हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष. त्याच्या डोक्यावर मुकुट कधीच नव्हता. परंतु १६२६ साली तो वारला तेव्हा, ज्यांच्या नावाने त्याने राज्य केले त्या सुलतानांपेक्षा त्याचे नाव मोठे होते. थोरपण मुकुटाबरोबर येत नाही, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

येथे कोणी म्हणेल की, महाराजांची बाजू तुम्ही एकांगी मांडली, सुरतेचे काय? हा प्रश्न विचारण्यात अपमान नाही. १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली गेली. मोगलांच्या स्वाऱ्यांनी मराठी मुलूख उजाड केला होता, त्या युद्धाचा खर्च मोगलांच्या श्रीमंत बंदराकडून काढला, हे राजकारण समजण्यासारखे आहे. तरी सुरतेच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो दिवस काळाच होता, हेही मान्य केले पाहिजे. थोर पुरुषाला तराजूत घालताना एका पारड्यात काहीच ठेवायचे नाही असे ठरविले तर ते वजन करणे नव्हे. आमची खात्री आहे की सर्व काही ठेवूनही हे पारडे खालीच बसते, म्हणूनच ठेवण्याची भीती वाटू नये.

संभाजी महाराजांचे प्रकरण आणखी बोधप्रद आहे. दीडशे वर्षे आपण त्यांना दुर्वर्तनी, अविचारी म्हणत आलो. नाटकांनी तेच रंगविले, कादंबऱ्यांनी तेच उगाळले. याचे मूळ पुष्कळसे मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत आहे. ही बखर संभाजी महाराजांच्या वधानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. शिवाय तिचा कर्ता ज्या बाळाजी आवजी चिटणिसांच्या कुळातला, त्या बाळाजींना संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या आरोपावरून देहान्त शासन दिले होते. बखरकाराने मुद्दाम खोटे लिहिले असे आम्ही म्हणत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले दुःख लेखणीतून उतरणारच. पण न्यायासनावर बसणाऱ्याने साक्षीदाराचे नातेगोते विचारायला नको काय? वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे कागदपत्रे तपासून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि चित्र पालटले. स्वतः औरंगजेब दक्षिणेत उतरला असता, सिद्दी, पोर्तुगीज आणि मोगल या तिघांशी एकाच वेळी झुंजत या पुरुषाने नऊ वर्षे राज्य राखले. नाशिकजवळचा रामसेज किल्ला मोगलांना वर्षानुवर्षे घेता आला नाही. आणि १६८९ साली तुळापुरास आलेला त्यांचा अंत तर सर्वश्रुतच आहे.

परंतु आता लंबक दुसऱ्या टोकाला जाऊ नये अशी आमची विनंती आहे. पूर्वी त्यांचा एकही गुण दिसत नव्हता, आता एकही दोष बोलू देत नाहीत. जुन्या मुत्सद्द्यांशी त्यांचे पटले नाही, त्यात मुत्सद्द्यांचा दोष किती आणि राजाचा किती, हा प्रश्न खुला ठेवावा लागेल. बेंद्र्यांनी कागदांच्या बळावर एक निवाडा फिरविला. त्यांच्यापासून शिकायचे असेल तर कागद पाहण्याची सवय शिकावी.

पुढे राजाराम महाराज आणि ताराबाई. १६८९ सालच्या अखेरीस रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले, नवा राजा जिंजीला गेला. राजा दूर, राजधानी शत्रूच्या हाती, खजिना रिकामा. जगातील बहुतेक राज्ये या ठिकाणी संपतात. हे संपले नाही. रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव हे आपापल्या जागी लढत राहिले. शिवछत्रपतींच्या थोरपणाचे सर्वांत मोठे प्रमाण कोणते असे आम्हांस विचाराल, तर आम्ही १६७४ चा राज्याभिषेक न सांगता हा काळ सांगू. ज्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षे त्याची माणसे सम्राटाच्या प्रचंड फौजेशी झुंजत राहतात, त्याने काहीतरी पेरले होते खास. तोच आमचा दुसरा प्रश्न: राजा गेल्यावर काय उरले?

राजाराम महाराजांना दुबळे म्हणण्याची चाल आहे. सरदारांना एकत्र ठेवणे हे त्या काळी मोठे काम होते, आणि ते त्यांनी बऱ्याच अंशी केले. पण त्यासाठी वतनांची आणि मुलुखांची आश्वासने सढळ हाताने द्यावी लागली. जी गोष्ट वडिलांनी मोडली होती ती मुलाला पुन्हा सुरू करावी लागली. शिपायाला द्यायला पैका नव्हता, मग जिंकशील तो मुलूख तुझा, असे सांगण्यावाचून मार्ग कोणता होता? राज्य त्याने वाचले, आणि पुढे ज्या दुखण्याने ते खंगले त्या दुखण्याचे बीजही तेथेच पडले. संताजीसारखा सेनापती राजाशी आणि धनाजीशी बिनसल्यावर १६९७ साली मारला गेला, ही हानी वेगळीच. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले. पंचविशीच्या ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. बादशहा एकेक किल्ला घेत होता, सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. आणि मराठी फौजा त्याच्या पाठीमागून नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरास वारला तेव्हा दक्षिण त्याच्या हाती आलेली नव्हती. या सात वर्षांचे श्रेय ताराबाईंना द्यायला आपण उगाच कचरतो. पुढील गृहकलहाने त्यांचे मोठेपण झाकले गेले हे खरे. संकटात लागणारा करारीपणा आणि शांततेत लागणारी माघार घेण्याची तयारी, हे गुण एकाच ठिकाणी क्वचित नांदतात. ताराबाईंजवळ पहिला होता, दुसरा नव्हता.

आता आम्ही सर्वांत अवघड प्रकरणाशी आलो. ते शाहू महाराजांचे. वयाच्या सातव्या वर्षी कैदेत गेलेला हा मुलगा साडेसतरा वर्षे मोगलांच्या छावणीत वाढला. १७०७ साली सुटून आला तेव्हा त्याच्या आईला ओलीस ठेवून घेतले होते. सुटला तो घरच्यांशी लढायला. खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्याला येऊन मिळाला, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तेव्हा त्याच्याजवळ साताऱ्याच्या आसपासच्या मुलखाखेरीज फारसे काही नव्हते. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले तेव्हा मराठी फौजा गुजरात, माळवा, बुंदेलखंड, ओढ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. विस्ताराच्या मापाने पाहिले तर आपल्या सर्व छत्रपतींत हेच थोर ठरतील! पण यातले किती त्यांनी केले? ते बहुधा साताऱ्यातच राहिले. लढाया लढले ते बाजीराव, चिमाजी अप्पा, रघूजी भोसले, दाभाडे. मग या राजाला थोर म्हणावे काय?

पुष्कळांनी ‘नाही’ म्हटले आहे. शिकारीचा शौकीन, आरामात रमणारा, पेशव्यांच्या हातचे बाहुले, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. आम्हांस ते पटत नाही. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ या कारकुनीतून वर आलेल्या गृहस्थाला पेशवाई दिली ती शाहू महाराजांनी. त्याच बाळाजीने शत्रुपक्षाचा कान्होजी आंग्रे तलवार न उपसता आपल्याकडे वळविला, आणि १७१९ साली दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. महाराजांची आई येसूबाईही त्याच वर्षी परत आल्या. १७२० साली बाळाजी वारले, तेव्हा विशीही न गाठलेल्या बाजीरावाला पेशवाई देऊ नये असे दरबारातील जुनी माणसे सांगत होती. राजाने ऐकून घेतले, आणि माणूस पाहून निर्णय केला. माणसे ओळखणे हा राजाचा गुण नव्हे तर कोणाचा?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही सगळी तापट माणसे त्यांनी एका दोरीत बांधून ठेवली. १७३१ साली डभईस बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली, त्रिंबकराव पडला. अशा वेळी दुसऱ्या राज्यात दोन घरांचे कायमचे वैर झाले असते. शाहू महाराजांनी उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली आणि सेनापतिपद त्याच घरात ठेवले. त्याच वर्षी वारणेचा तह करून कोल्हापूरकर चुलतभावाशी चाललेला वाद मिटविला. जिंकलेल्या भावाला समूळ नाहीसे करणारे राजे इतिहासात पैशाला पासरी मिळतील, अर्धी भाकर देणारे थोडे. १७४३ साली बंगालच्या मुलखावरून नानासाहेब पेशवे आणि रघूजी भोसले हातघाईवर आले, तेव्हाही दोघांना समोर बसवून त्यांनी हद्दी आखून दिल्या. पेशवा काय, रघूजी काय, कोणाचीही फौज साताऱ्याच्या फौजेहून मोठी होती. तरी ते ऐकत, कारण तेथे बसलेला माणूस आपल्याशी लबाडी करणार नाही अशी त्यांना खात्री होती.

आपल्या साष्टीचाच दाखला घ्या. १५३४ पासून हे बेट आणि वसई पोर्तुगीजांकडे होती. १७३७ साली ठाणे मराठ्यांनी घेतले, आणि चिमाजी अप्पांनी दोन वर्षे झुंजून १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. विजय चिमाजी अप्पांचा, आणि त्याहीपेक्षा तटाखाली पडलेल्या हजारोंचा. शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानाने जाऊ दिले, मागे राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्माने वागण्याची मोकळीक ठेवली. ही रीत त्या राज्याची म्हणून सांगता येते याचे कारण साताऱ्याच्या गादीवर सूड न शिकलेला माणूस बसला होता, असे आम्हांस वाटते.

तर मग शाहू महाराजांना पूर्ण गुण द्यावेत काय? येथेच आमचा दुसरा प्रश्न आडवा येतो: राजा गेल्यावर काय उरले? त्यांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर आला, आणि मग त्याच ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकविले. कारभार पुण्याला गेला, छत्रपती नावापुरते उरले. सरदारांना बांधणारी दोरी शाहू महाराजांच्या स्वभावाची होती. ती कायद्याची, रिवाजाची, संस्थेची झाली नव्हती. सरंजाम वंशपरंपरेने चालू लागले, प्रत्येक सरदार आपल्या मुलखाचा राजा झाला, आणि तंटा पडला तर समोरासमोर बसवणारा कोणी उरला नाही. शिवछत्रपती गेले तेव्हा रीत उरली होती, म्हणून माणसे राजाशिवायही लढली. शाहू महाराज गेले तेव्हा माणसे मोठी होती, पण रीत उरली नव्हती. एवढ्या एका फरकात आमचे सारे म्हणणे आले.

सारांश, आम्ही राजांची पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी लावून देणार नाही. तराजू मात्र देऊ. त्याच्या दांडीवर चार खुणा आहेत. संकटापूर्वी कोठारात काय होते? बलाढ्याच्या हातून दुबळ्याला काय सोसावे लागले, आणि ते थांबविण्यासाठी राजाने काय केले? त्याने माणसे कशी निवडली, आणि न पटणारे बोलणे ऐकून घेतले काय? आणि शेवटी, तो गेल्यावर काय उरले? रामदेवराव पहिल्या खुणेवर अडतात, राजाराम महाराज चौथीवर डगमगतात, ताराबाई पहिली सात वर्षे ताठ उभ्या राहतात, शाहू महाराज तिसऱ्या खुणेवर कोणालाही हार जात नाहीत पण चौथीवर उणे पडतात. शिवछत्रपती चारही खुणा ओलांडतात, आणि म्हणून ते थोर. कोणी भक्तीने थोर म्हटले काय किंवा आम्ही हिशेबाने थोर म्हटले काय, नाव तेच येते. पण हिशेबाने आलेल्या नावाजवळ आपण काहीतरी शिकून उठतो.

हे सर्व आज का सांगावे? आपल्याकडे राजांची नावे जातींनी वाटून घेण्याची, प्रांतांनी वाटून घेण्याची रीत पडत चालली आहे. एकाचा राजा दुसऱ्याला खुपतो, आणि प्रश्न विचारणारा शत्रू ठरतो. जो राजा आपल्या जुमलेदारांना वैरणीचा हिशेब विचारीत होता, त्याच्या नावावर हिशेब न विचारण्याची शपथ घेणे यासारखा विपर्यास दुसरा नाही. शिवाय राजे आता उरले नाहीत. त्यांच्या जागी आपणच निवडून दिलेली माणसे बसतात, आणि हा तराजू त्यांच्यासाठीही चालतो. वाकोल्याचा नाला पावसाळ्यापूर्वी साफ झाला की नाही, हा प्रश्न चिपळूणच्या छावणीतल्या वैरणीच्या प्रश्नाचाच भाऊबंद आहे. पाऊस येणार हे ठाऊक असते, धान्य अगोदर भरावे लागते, आणि गोण्या वेळीच उघडून पाहाव्या लागतात. त्या उघडून पाहण्याची सवय श्रोत्यांनी जुन्या राजांपासून सुरू करावी आणि आजच्या कारभारापर्यंत न्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.